रूपीच्या गाडीवर शुक्रीचं नाव

झरीच्या वरल्या पाड्यातली शुक्री म्हणजे दुसऱ्याची वस्तू जिवापलीकडे जपणारी बाई. कुणाकडून सुई आणली तर परत देताना तीत दोरा ओवलेला असायचा. कोयता आणला तर त्याला धार लावलेली असायची. पाड्यातल्या बायका म्हणत, "शुक्रीला कुणी नवरा उसना दिला, तर ती त्याला न्हाऊमाखू घालून परत करील." शुक्री पदर तोंडावर घेऊन हसायची आणि म्हणायची, "मंग? घाणेरडा कसा द्यायचा?"

तिचा स्वतःचा नवरा, जिव्या, मात्र फार दिवस तिच्याकडे राहिला नाही. मुलगा नितीन पाच वर्षांचा आणि मुलगी रविना पोटात असताना तो तापाने आठ दिवसांत गेला. अशा बाईला रडायला सवड नसते असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. शुक्री भरपूर रडली, फक्त काम करता करता रडली. पावसाळ्यात झरीला भात आणि नागली लावायची, आणि बाकीचे आठ महिने नरपडच्या चिकूवाडीत झोपडी टाकून राहायचं, असं तिने वीस वर्षं केलं. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते, तिने चिकू उतरवताना मान कायम वर. वाडीतली माणसं तिला म्हणायची की शुक्री आभाळ बघत म्हातारी होणार.

दोन वर्षांपूर्वी चिकू धुवायच्या टाकीपाशी ओल्या फरशीवरून ती क्रेटसकट घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात रॉड घातला, पण पाय आखूड झाला तो झालाच. त्यानंतर काठी आणि भिंत या दोघींच्या आधाराने जेवढं जाता येईल तेवढंच तिचं जग. घरापासून शेजारच्या चिमणच्या अंगणापर्यंत.

चिमणच्या अंगणात जायचं कारण त्याची आई, रूपी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यात आलेल्या. रूपीचे गुडघे गेले तेव्हा डहाणूच्या कुठल्याशा शिबिरात तिला चार चाकांचा वॉकर मिळाला होता. हाताला ब्रेक, मधे बसायला सीट, सीटखाली कापडी पिशवी. वॉकर हा शब्द पाड्यात कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळे त्याला गाडी म्हणत आणि रूपीला ड्रायव्हर. संध्याकाळी रूपी शुक्रीला अंगणात एक फेरी मारू द्यायची. एकच. दुसरी मागितली तर म्हणायची, "पेट्रोल लागतंय."

रूपी गेली मार्गशीर्षात, झोपेत, कुणालाही त्रास न देता.

पाड्याची रीत अशी, की माणूस गेलं की त्याच्या वापरातल्या वस्तू, ताटली, लोटा, घोंगडी, घराच्या एका कोपऱ्यात ठेवायच्या. दिवस घालायच्या वेळी त्या नदीवर नेऊन त्याच्या नावाने ठेवून यायच्या, म्हणजे पुढच्या वाटेला त्या त्याच्या हाती लागतात. तोवर त्या त्याच्याच. फारच नड असली तर त्याला सांगून वापरता येतात, पण जिवंत माणसाने त्यांना आपलं म्हणायचं नाही. आपलं म्हटलं, की मेलेलं माणूस वस्तूसोबत आपल्यालाही हाक मारतं. रूपीचे दिवस सोमवारी घालायचे ठरले होते आणि तिची गाडी चिमणच्या घरात घोंगडीला टेकून उभी होती.

त्या आधीच्या गुरुवारी आसामातून फोन आला.

नितीन तिकडे होता. आयटीआय करून वेल्डर झालेला पोरगा, उंबरगावच्या कारखान्यात चार वर्षं राबला, मग एका ठेकेदाराने त्याला पाइपलाइनच्या कामावर थेट गुवाहाटीकडे नेलं. फोन केला त्याच्या मुकादमाने, जीवनने. क्रेनवरून पाइप निसटला, नितीनच्या छातीपोटावर आला, ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आहे, पण घरच्यांनी यावं. ठेकेदाराने रविनाच्या मोबाइलवर विमानाची दोन तिकिटं पाठवली. शुक्रवारी संध्याकाळी जीवनने फोन नितीनच्या कानाला लावून दिला. त्याचा आवाज खूप खोलातून आला.

"आये, भिऊ नको. पन ये."

"येतंय रं," शुक्री म्हणाली. "उद्याच येतंय."

म्हणायला म्हणाली, आणि मग आपल्या पायाकडे बघत बसली. काठीने चिमणचं अंगण गाठता येतं, आसाम नाही. रविना म्हणाली की विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, ढकलायला माणूस मिळतो. शुक्रीला ते पटेना. खुर्चीतून ढकलत आणलेली आई बघून पोरगा खचेल. त्याने तिला मोडक्या पायाने रडताना बघितलं होतं, त्यानंतर चालताना बघितलंच नव्हतं. त्याच्या खाटेपाशी आपण चालत जायचं, एवढंच तिने मनात धरलं.

चिमणला कळलं तेव्हा तो आपणहून आला. तिच्यासमोरच त्याने कोपऱ्यापुढे उभं राहून आईला सांगितलं, "आये, तुजी गाडी शुक्रीकाकीला देतंय. पोराला बघाया जातेय ती. सोमवारच्या आत परत येल." मग शुक्रीकडे वळून म्हणाला, "काकी, तेवढं सोमवारचं बघ. नायतर आयस वाटंत बसून राहील, तिला गुडघं नायत."

"माज्या हातानं आणून ठेवीन," शुक्री म्हणाली. शुक्रीचा शब्द म्हणजे पाड्यात कागदावरच्या अंगठ्यापेक्षा पक्का होता.

शनिवारी पहाटे तलासरीहून जीप केली आणि दोघी मायलेकी मुंबईच्या विमानतळावर पोहोचल्या. शुक्रीने आयुष्यात एवढी गुळगुळीत जमीन पाहिली नव्हती. गाडीची चाकं आवाज न करता चालत होती. तिचा आखूड पायही त्या जमिनीवर फारसा कळत नव्हता. तेवढ्या काळजीतही तिच्या मनात आलं, अशी वाट रूपीला जन्मात एकदा तरी मिळायला हवी होती.

काउंटरवरच्या मुलीने मराठीतच विचारलं, "आजी, दुसऱ्या कुणी दिलेली वस्तू आहे का सोबत?"

"हाय की," शुक्रीने गाडीच्या दांड्यावर हात ठेवला. "ही रूपीची हाय."

"त्या कुठे आहेत?"

"मेली."

रविनाने आईचा दंड धरला आणि घाईघाईने सांगितलं की घरचंच आहे, शेजारच्या आजीचं. मुलगी क्षणभर हसावं की नाही या विचारात पडली. तपासणीच्या जागी वर्दीवाल्या बाईने सीटखालच्या पिशवीतून एक डबी काढली. रूपीची तंबाखू-चुन्याची डबी, चिमणने तशीच ठेवलेली. बाईने ती उघडली, वास घेतला, नाक मुरडलं आणि परत टाकली. शुक्रीचा जीव भांड्यात पडला, कारण डबी कमी झाली असती तर रूपीला काय तोंड दाखवायचं?

विमानाच्या अगदी दाराशी एका पोऱ्याने सांगितलं की इथून पुढे गाडी आत जाणार नाही, वाट अरुंद आहे, गाडी खाली सामानात जाईल आणि गुवाहाटीला मिळेल. त्याने गाडी मिटली आणि दांड्याला एक लांब चिठ्ठी गुंडाळून चिकटवली.

"काय लिवलंय त्याच्यावर?" शुक्रीने विचारलं.

"तुजं नाव," रविना म्हणाली. "म्हंजे हरवायची नाय. गाडी तुजी हाय असं कळतं त्यांना." आणि ती आपली जागा विचारायला दारातल्या बाईकडे पुढे झाली.

शुक्री भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव तिथे आहे एवढं पुरे होतं. मेलेल्या बाईच्या वस्तूवर तिचं नाव, आणि तेही पोराच्या जिवाशी गाठ असताना! रूपी कितीही मैत्रीण असली तरी आता ती तिकडची होती. हाक कुणाला जाईल, आपल्याला की आपल्या रक्ताला, कुणी सांगावं? शुक्रीने इकडे तिकडे बघितलं. पोऱ्या दुसऱ्या कुणाच्या लहान मुलाची गाडी मिटण्यात गुंतला होता. चिठ्ठी हाताने फाटेना. तिने वाकून ती दातांनी तोडली, घडी करून कनवटीला खोचली, आणि भिंतीचा, मग दाराचा, मग खुर्च्यांचा आधार घेत आत गेली.

बसल्यावर तिला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. विमान उडालं तेव्हा बाकी बायका डोळे मिटून बसल्या, शुक्री शांत होती. गाडी रूपीची ती रूपीचीच राहिली, आपण कुणाचं काही घेतलं नाही. तीन तासांत तिने रविनाला दोनदाच विचारलं, "चारला भेटाया देतात ना?" चार ते पाच, रविनाने सांगितलं, आणि मग सकाळी दहाला.

गुवाहाटीला उतरल्या तेव्हा दीड वाजला होता. गाडी दाराशी आली नाही. सामानाच्या पट्ट्यावर येईल म्हणाले, तिथेही आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला. शुक्रीला शेवटी चाकाच्या खुर्चीत बसावंच लागलं, आणि खुर्ची ढकलणाऱ्याने दोघींना एका काउंटरपाशी नेलं. तिथला माणूस भला होता. त्याने मुंबईला फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि हिंदीत सांगितलं की गाडी तिकडेच दाराशी राहिली आहे. तिच्यावर चिठ्ठीच नव्हती, कुणाची ते कळेना म्हणून बाजूला काढून ठेवली.

"चिठ्ठी लावली होती," रविना तावातावाने म्हणाली. "माझ्यासमोर लावली!"

शुक्रीने कनवटीवर हात दाबला.  आत्ता सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं, पण काउंटरवरचा माणूस माफी मागत होता, रविना भांडत होती, आणि ती बोललीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या माथी आपली चूक बसताना गप्प राहिली.

पुढच्या विमानाने गाडी साडेपाचला येईल, नाहीतर पत्ता द्या, उद्या-परवा घरपोच करतो, माणूस म्हणाला.

"आये, चल," रविना म्हणाली. "दवाखाना तासाभरावर हाय. गाडी मागून घेऊ."

"कठला पत्ता देशील? हिकडं घर हाय का आपलं?"

"दवाखान्याचा देऊ!"

"आनि नाय आली तर? सोमवारी काय घालतील रूपीच्या वाटंत? मी सबूद दिलाय पोरी." तिने जीवनला फोन लावायला लावला. जीवन म्हणाला की नितीन ठीक आहे, दुपारी दोन चमचे पाणी प्यायला, डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही. ते ऐकून शुक्रीने ठरवून टाकलं. "तू जा. चारला तू बघ त्याला. मी गाडी घेऊन येतंय, सकाळी दहाला मी चालत जाईन त्याच्याकडं. इतकं दिवस थांबला, एक रात थांबंल."

रविना रडकुंडीला आली, रागावली, शेवटी घड्याळ बघून गेली. ती काचेच्या दारातून बाहेर पडेपर्यंत शुक्री तिच्या पाठीकडे बघत होती. हाक मारावी असं एकदा वाटलं. पण गाडी हरवली तर चूक आपली, आपणच बसून ती निस्तरली पाहिजे, असं तिच्या हिशेबाला पटलं. इमानदार माणसाचा हिशेब कधीकधी असा चुकतो की त्यापुढे चोर परवडला.

तिकडे दिवस लवकर मावळतो. साडेचारलाच काचेबाहेर अंधारून आलं. खुर्चीत बसून तिने नितीनला काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं. लालू बोकड विकला नाही. घरामागच्या शेवग्याला फुलं आली. आणि मी चालत आले, बघ.

सहाला दहा मिनिटं असताना गाडी आली. तोच माणूस स्वतः घेऊन आला. शुक्रीने ती उघडली, ब्रेक दाबून बघितला, पिशवीत हात घालून डबी चाचपली. सगळं जागच्या जागी. तिने पदराने दांडे पुसले, चाकांत अडकलेला दोरा काढला. माणसाला दोन्ही हात जोडले. नंतर कधी झोप लागली नाही की शुक्रीला हीच घटका आठवते. आपण तेव्हा खूश होतो, मनापासून खूश होतो, हे तिला स्वतःला माफ करता येत नाही.

गाडीच्या सीटवर बसून, आपला साधा मोबाइल हातात धरून ती रविनाच्या फोनची वाट बघत होती. फोन साडेसहाला वाजला. रविनाचं नुसतं रडणं ऐकू आलं. मग जीवनने फोन घेतला. आतून पुन्हा रक्त सुटलं, डॉक्टरांनी धावपळ केली, पण सहाच्या आधीच सगळं संपलं, असं तो थांबत थांबत म्हणाला.

जीवनने पाठवलेल्या माणसाने तिला दवाखान्याच्या दाराशी आणलं. आत शुक्री चालतच गेली. लांबलचक व्हरांडा तिने कुणाचा हात न धरता ओलांडला. ज्याला दाखवायचं होतं त्याच्या तोंडावरून जीवनने चादर बाजूला केली.

रविनाने सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, आणि ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. चारला नितीन चांगला बोलत होता. आई कुठे, त्याने पहिलंच विचारलं. रविनाने सांगितलं, तिची गाडी मागं राहिलीय, ती घेऊन येतेय. तेव्हा तो हसला म्हणे, आणि म्हणाला, "तिला सांग, सावकाश ये. मी हाय हितंच."

ठेकेदाराने रातोरात कागद करून दिले, आणि रविवारी परतताना तिघं एकाच विमानात होती. नितीन खाली सामानात. पेटीवर त्याच्या नावाचा कागद चिकटवला होता. शुक्रीने तो रविनाकडून दोनदा वाचून घेतला, कडा नीट चिकटल्यात का ते नखाने बघितलं, आणि पेटी नेणाऱ्याला विनवून सांगितलं की हा कागद पडू देऊ नका. गाडीला पुन्हा शुक्रीच्या नावाची चिठ्ठी लावली गेली. तिने ती लावू दिली. आता हाक कुणालाही जावो, तिला भ्यायचं काही उरलं नव्हतं.

नितीनला रविवारी संध्याकाळी पाड्याने निरोप दिला. सोमवारी रूपीचे दिवस. चिमण म्हणाला, पुढे ढकलू. शुक्रीने ऐकलं नाही. "सबूद म्हंजे सबूद," ती म्हणाली. गाडी धुऊन, दांडे पुसून, विमानतळावरची नवी चिठ्ठी काढून टाकून, ती गाडीला धरूनच नदीवर गेली. पाठीमागे रविना तिची काठी घेऊन येत होती.

वाळूत रूपीची ताटली ठेवली, लोटा ठेवला, घोंगडी ठेवली. शुक्रीने गाडी आपल्या हाताने तिथे उभी केली, डबी पिशवीत आहे ना ते बघितलं, ब्रेक लावला. मग कनवटीतून एक चुरगळलेला कागद काढला आणि तो दांड्याला गुंडाळायला लागली. गाठ बसत नव्हती.

रविनाने वाकून बघितलं. आईचं नाव, मुंबई, गुवाहाटी, शनिवारची तारीख. एका टोकाला दातांच्या खुणा होत्या.

"आये, ही तुज्याकडं कशी?"

"मीच तोडली," शुक्री म्हणाली. "माजं नाव रूपीच्या गाडीवर नको म्हनून. त्यांनी नाय हरवली गाडी. मी हरवली. मी तोडली नसती तर चारला मी त्याच्यापाशी असते."

रविना तिच्याकडे बघतच राहिली.  चिमणने पुढे होऊन हलकेच म्हटलं, "काकी, तुजं नाव नको त्याच्यावर. आयस हाक मारंल."

"मारू दे," शुक्री म्हणाली. "लवकर मारू दे. पोरगा सावकाश ये म्हनला, पन मना घाई हाय."

चिमणने रविनाकडे पाहिलं. रविना ती चिठ्ठी काढील, आईला दोन शब्द रागाने बोलेल, असं सगळ्यांनाच वाटलं. रविनाने चिठ्ठीला हात लावला, आणि सैल पडलेली गाठ नीट आवळून दिली. मग तिने काठी आईच्या हातात दिली आणि तिच्यासाठी न थांबता चढण चढायला लागली.